एका कान्याचा फरक

गुरुदत्त नाडगौडाला नोकरी लागली ही बातमी अमेरिकेतल्या अल्फारेटा गावात पसरली ती चुकीचीच पसरली, आणि चूक होती अवघ्या एका कान्याची. त्याची बायको उल्का फोनवर मैत्रिणीला, रेखाला, म्हणाली, "अगं, गेम फार्ममध्ये लागलाय तो." रेखानं ऐकलं, गेम फर्म. आता यात रेखाचा तरी काय दोष? सोलापूरचा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर सव्वा वर्ष घरी बसल्यावर उठून लावरी पक्षी पाळायला जाईल, असं २००३ सालच्या अल्फारेटात कोणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का? संध्याकाळी रेखानं नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणजे विक्रम, मराठी मंडळाचा कार्यवाह. त्याला कळलं की मंडळाला वेगळं कळवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गुरुदत्त कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या कंपनीत लागल्याचं सर्वांनी ठरवून टाकलं होतं.

ही चूक एका वाक्यात दुरुस्त करता आली असती. विक्रमचा फोन आला होता. "यार, छुपा रुस्तम निघालास तू! गेमिंग म्हणजे फ्युचर आहे." गुरुदत्तनं तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "हो, म्हणजे, तसंच काहीसं."

झालं. तिथून पुढे सहा महिने तो मूग गिळून बसला.

त्याला भित्रा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आधी ते सव्वा वर्ष बघा. जानेवारी २००२ मध्ये त्याच्या टेलिकॉम कंपनीनं अख्खा मजला रिकामा केला. ग्रीन कार्ड दोनच महिन्यांपूर्वी हातात पडलं होतं म्हणून देश सोडावा लागला नाही, इतकंच. त्यानंतर डबे आणून एकत्र जेवायच्या कुठल्याही पॉटलकला गेलं की लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. आपली माणसं नोकरी गेलेल्याशी आजाऱ्याशी बोलावं तशी बोलतात. "काही हालचाल?" असं विचारायचं, मान हलवायची आणि पुरीभाजीच्या रांगेकडे सरकायचं. चांगुलपणानंच विचारत, पण गुरुदत्तला ते टोचत असे. म्हणून विक्रमचा आवाज फोनवर पहिल्यासारखा मोठा आला, तेव्हा तो पुन्हा हळू व्हावा असं त्याला मुळीच वाटलं नाही.

नोकरी मिळाली तीही गंमतच. अल्फारेटाहून उत्तरेला तासाभरावर डोंगराच्या पायथ्याशी एका म्हाताऱ्या मालकाची दोन हजार एकर जागा होती. पाइनची झाडं, मधे गवत, आणि पैसे भरून लावरीची शिकार करायला येणारे पाहुणे. शिकारीच्या पशुपक्ष्यांना इंग्रजीत गेम म्हणतात आणि त्यांची निगा राखतो तो गेमकीपर. तिथला मुख्य गेमकीपर अर्ल हा साठीचा, कमी बोलणारा माणूस. पाहुण्यांच्या लॉजमधला कॉम्प्युटर बंद पडला होता तो दुरुस्त करायला गुरुदत्त एका दिवसापुरता गेला होता. अर्ध्या तासात काम संपलं. मग अर्लनं विचारलं, पिल्लांच्या खोलीतला थर्मोस्टॅट सारखा दगा देतो, तोही बघतोस का? गुरुदत्त त्या खोलीत शिरला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. अंगठ्याएवढी तीनशे पिल्लं दिव्याखाली पळत होती. सव्वा वर्षात पहिल्यांदाच त्यानं किती वाजले ते बघितलं नव्हतं. निघताना अर्ल म्हणाला, एक माणूस हवाच होता मला, सोमवारी ये.

घरी येऊन त्यानं उल्काला सांगितलं. उल्का एका बँकेच्या आयटीत होती, घर तिच्या जोरावर चाललं होतं. तिनं आधी ताटं उचलली. मग म्हणाली, "पानं घेताना तू आज शिट्टी वाजवत होतास. जा."

तर असा हा गडी कामाला लागला आणि त्याला काहीच येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यानं पिल्लांचं पाणी खोल भांड्यात ठेवलं, तर त्यात दोन बुडाली. अर्लनं न रागावता भांड्यात गोट्या टाकून दाखवल्या, म्हणजे पाणी पिता येतं आणि बुडता येत नाही. खोलीच्या चारही कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून गोल करायचा, कारण घाबरली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात, हेही त्याला तिथेच कळलं. एप्रिलमध्ये अर्लनं त्याला बियांचं पोतं दिलं. गुरुदत्तनं मूठ भरून घेतली आणि हसायला लागला. ज्वारी होती. जिच्या भाकरीवर सोलापुरात तो वाढला ती ज्वारी इथे पाखरांसाठी पेरायची होती. या एका बाबतीत त्यानं अर्लला शिकवलं, आणि त्या दिवशी घरी जाताना त्याची मान जरा ताठ होती.

उन्हाळ्यात तो काळवंडला. मंडळात कोणीतरी विचारलं, "काय रे, ऑफिसला खिडकी मोठी दिसते?" तो हसला. मुलं त्याला गेममधल्या युक्त्या विचारायची, तेव्हा तो "ते कॉन्फिडेन्शियल असतं" म्हणायचा. खोटं बोलायलाही मेहनत लागते. उल्का वैतागली होती.

सप्टेंबरात सर्वांना ईमेल आला. शनिवारी सकाळी अकरा वाजता, शाळेच्या कॅफेटेरियात, हायस्कूलच्या मुलांसाठी: 'करिअर इन गेमिंग', वक्ते श्री. गुरुदत्त नाडगौडा. खाली विक्रमची सही. विचारलंसुद्धा नव्हतं, कारण विक्रम माणसांना गृहीत धरतो तो प्रेमानंच.

गुरुदत्तच्या पाचावर धारण बसली. आजारी पडावं का? अर्लनं बोलावलं म्हणून सांगावं का? शेवटी त्यानं इंटरनेटवरून गेम इंडस्ट्रीची माहिती काढून पाच स्लाइड बनवल्या. उल्कानं त्या बघितल्या.

"तू हे मुलांसमोर बोलणारेस?"

"एकच तास आहे गं. मग विषय संपला."

"मग दिवाळीला परत विचारतील. मला आता रेखाशी फोनवर बोलायचा पण कंटाळा येतो, माहितीये? मी फार्म म्हणाले होते, गुरू. मी काही लपवलं नव्हतं."



शनिवारी पंचवीसेक मुलं आणि तेवढेच आईबाप जमले. विक्रमनं ओळख करून दिली ती अशी की गुरुदत्तला स्वतःलाच स्वतःचा हेवा वाटावा. पहिली स्लाइड पडद्यावर आली. सगळ्यांत मागे उल्का हाताची घडी घालून बसली होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या इशितानं हात वर केला. चौदा वर्षांची मुलगी, सरळ विचारणारी.

"अंकल, व्हिच गेम डू यू वर्क ऑन?"

कुठलंही एक नाव घ्यायचं होतं. सहा महिन्यांत अशी डझनभर नावं त्याला पाठ झाली होती. पण त्यातलं एकही आलं नाही. जे रोज तोंडात असतं तेच आलं.

"बॉबव्हाइट क्वेल."

"इज दॅट फॉर प्लेस्टेशन?"

गुरुदत्तला हसू फुटलं. आवरायला गेला तर जास्तच आलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सगळे बघत राहिले. त्यानं डोळे पुसले आणि प्रोजेक्टर बंद केला.

"नाही गं. तो पक्षी आहे. आपल्याकडे लावरी म्हणतात. मी फर्ममध्ये नाही, फार्ममध्ये आहे. गेमकीपर आहे मी. मार्चपासून तुम्हां सर्वांना फसवतोय."

मग त्यानं सगळं सांगितलं. पाण्यातल्या गोट्या सांगितल्या, गोल कोपरे सांगितले, ज्वारी सांगितली. जूनमधल्या वादळाचं सांगितलं: भर दुपारी वीज गेली, दिवे विझले, नऊशे पिल्लं घाबरून एकमेकांवर चढायला लागली, आणि तो नि अर्ल चार तास गुडघ्यांवर बसून हातांनी त्यांना वेगळं करत राहिले. अकरा गेली. अर्ल म्हणाला, अकरा म्हणजे काहीच नाही. गुरुदत्तनं मात्र अकराही मोजून पुरली होती.

हे काम कोणाला करायचं असेल तर कुठून सुरुवात करायची, तेही त्यानं सांगितलं, कारण कार्यक्रम करिअरचा होता. आधी एखाद्या ठिकाणी फुकट राबा. पहाटे उठायची सवय करा. घाण वाटून घेऊ नका.

मालिनीमावशी, मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ, मागून म्हणाल्या, "आणि मग ती पाखरं लोक मारतात का रे?"

"मारतात, मावशी. त्यासाठीच वाढवतो."

"तुला काही वाटत नाही?"

"वाटतं. मार्चमध्ये शिकार बघून वाटलं, आता ऑक्टोबरात शिकारीचा सीझन सुरू झाला की परत वाटेल. अर्ल म्हणतो, ज्याला काहीच वाटत नाही त्याला तो कामावर ठेवत नाही."

मावशींनी थोडा विचार केला. "पटलं नाही मला," त्या म्हणाल्या, "पण खरं बोललास." इशितानं विचारलं, पिल्लं बघायला येता येईल का. मग चार हात एकदम वर झाले. गुरुदत्तचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस खांद्यावर काहीतरी होतं हे ते उतरल्यावरच त्याला कळलं, आणि आता त्याला जोराची भूक लागली. कार्यक्रमानंतरच्या चहाबरोबर त्यानं एकट्यानं तीन वडे खाल्ले. उल्कानं चौथा स्वतःच्या ताटातून दिला.

सगळे पांगल्यावर तो सामान गाडीत ठेवत होता तेव्हा विक्रम आला. गुरुदत्तनं मनाशी माफीची वाक्यं जुळवली. सर्वांसमोर त्याला तोंडघशी पाडलं होतं, चार शब्द ऐकून घेणं भाग होतं.

"विक्रम, सॉरी यार. मी तेव्हाच तुला…"

"अर्लला अजून कोणी लागतं का?" विक्रमनं विचारलं.

गुरुदत्तला वाटलं, चेष्टा करतोय. मग त्यानं विक्रमकडे नीट पाहिलं.

"एप्रिलमध्ये ले-ऑफ झाला माझा," विक्रम म्हणाला. त्याचा आवाज अगदी हळू होता, गुरुदत्तशी लोक बोलायचे तसा. "रोज साडेसातला घरातून निघतो. लायब्ररीत बसतो. पाचला परत. रेखाला माहीत नाही. तू आत उभा राहून बोललास ना, तेव्हा मला वाटलं, इतकं सोपं असतं हे?"

"सोपं नव्हतं," गुरुदत्त म्हणाला.

"हो, पण तू जिवंत आहेस. तीन वडे खाल्लेस."

दोघंही हसले. हसता हसता विक्रमनं गाडीच्या टपावर हात टेकला आणि खाली बघत राहिला. गुरुदत्त त्याच्या शेजारी उभा राहिला. मग म्हणाला, "सोमवारी अर्लला विचारतो मी. पण त्याआधी तू रेखाला सांग. आत्ता. खुर्च्या आवरतेय ती आत."

विक्रमनं मान हलवली आणि कॅफेटेरियाच्या दाराकडे निघाला. अर्ध्यावर तो थांबला, तसा गुरुदत्त म्हणाला, "जा रे, जा." तो आत गेला.

उल्कानं गाडीत बसून विचारलं, "काय म्हणत होता? चिडलाय का?"

"नाही," गुरुदत्त म्हणाला. "थोडं थांबू या आपण. त्या दोघांना बाहेर येऊ दे."