नाचणीचे पापड आणि माझी राखण

गेल्या गुरुवारी मला आमच्याच अंगणात पापड राखायला बसवलं होतं. किन्हवलीपासून आत आमचं गाव, भर दुपारचं ऊन... डोक्याला टॉवेल, हातात काठी आणि समोर दोन खाटांवर नाचणीचे पापड.

मी आधीच वैतागलेलो होतो. माझी सून रंजना हायवेवरच्या एका गोदामात पॅकिंगला आहे. पगार वेळेवर, पीएफ कापतात, न्यायला-आणायला गाडी. एवढं असताना मुरबाडला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली आणि येताना एक शब्द घेऊन आली... सामाजिक उद्योजक.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. विचारलं, हा धंदा की समाजसेवा? तर म्हणे, "दोन्ही, बाबा." आता एकाच वेळी दोन्ही कसं होणार... या विचारानेच माझं पित्त वाढलं.

तिच्या मनात असं, की गावची नाचणी गावातच वापरावी आणि इथल्या बायकांना घराजवळ काम मिळावं. त्यासाठी निदान दहा जणी हव्यात. तिने बैठक बोलावली तर आल्या दोघी, त्यातली एक चहा पिऊन गेली.

तरी ही पंधरा दिवसांची रजा काढून बसली. शनिवारी शहापूरच्या प्रदर्शनात पापड मांडायचे, काय होतं ते बघायचं, आणि सोमवारी ठरवायचं... कामावर जायचं की नोकरी सोडायची. मुलगा टेम्पो चालवतो, त्याला कधी भाडं मिळतं, कधी नाही. नातीची शाळा आहे. काळजी मी नाही करायची तर कोणी करायची?

तर मी राखण करत होतो. कावळे हाकलले, कोंबड्या हाकलल्या. पण माणसांना कसं हाकलणार?

शेजारची गंगूबाई कुंपणापाशी थांबली. "काय दादा, पापड केलंत नि आमाला पत्ता नाय?"

आमच्याकडे घरात नवीन काही केलं की आधी वानोळा शेजारी जातो, मग आपल्या तोंडात. मी डबा आणला, भरून दिला. तिला दिल्यावर पलीकडच्या घरी नको का? मग त्याच्या पलीकडे... घरातले स्टीलचे डबे संपले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की पापडही संपलेत.

रंजना गिरणीतून दळण घेऊन आली. रिकाम्या खाटा बघून म्हणाली, "बाबा, माकडं आली होती?"

"नाय गो... मीच वाटले. वानोळा."

ती पायरीवर बसली. दळणाचा डबा झाकून बाजूला सारला... ओरडली असती तर बरं झालं असतं. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं, नोकरी वाचली म्हणून. पण तिचं तोंड बघून मला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी डबे परत यायला लागले. वानोळ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. कोणी नाचणी घातलेली, कोणी उडीद, कोणी मूठभर तीळ.

गंगूबाई आली ती काखेत पोळपाट-लाटणं घेऊनच. "दादा, चव बरी हाय, पण पापड हाय का भाकर? तुमच्या सुनंला लाटता नाय येत. सर गो रंजे, बाजूला हो!"

तिच्या मागून दुसरी, तिसरी... दुपारपर्यंत अंगणात अकरा जणी. बैठकीला न आलेल्या सगळ्या. मला म्हणाल्या, तुमी आत बसा, आमी राखतो.

शनिवारी शहापूरला काही पापड खपले, काही परत आले. सोमवारी गोदामाची गाडी नाक्यावर हॉर्न वाजवून निघून गेली... रंजना गेली नाही. मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं, नीट विचार केलास ना? शेवटी तिने माझ्यापुढे नाचणी निवडायला ठेवली.

काळजी काही गेलेली नाही, आणि तो शब्द मला अजूनही कळलेला नाही. पण आळीतल्या बायकांनो, तुमचे उपकार आहेत. दोन डबे अजून तुमच्यापैकी कोणाकडे तरी आहेत... रिकामे आणलेत तरी चालतील, फक्त येताना लाटणं घेऊन या.