म्हातारपणी वाजवलेल्या सोनाटा

पवनारच्या भजनी मंडळात मी गेली कित्येक वर्षं पेटी वाजवतो. आमच्यात पेटीवाल्याचं काम एकच: गाणारा श्वास घेतो तेवढ्यात जागा रिकामी राहू द्यायची नाही. भाता हलवत राहा, सूर भरत राहा. म्हणून मोबाइलवर एका परदेशी पियानोवाल्याने म्हातारपणी वाजवलेलं, कोण्या जर्मन संगीतकाराच्या सोनाटांचं, म्हणजे एकट्या पियानोवरच्या लांब रचनांचं, रेकॉर्डिंग पहिल्यांदा लागलं तेव्हा मला वाटलं, बुढा विसरला! एक सूर वाजवायचा आणि चक्क थांबायचा. मी चिडून पेटी ओढली आणि त्याच्या सगळ्या मोकळ्या जागा भरून दिल्या. घरात नुसता कालवा झाला.

बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "त्याले वाजवू द्या ना! तुमी काऊन मधात घुसून राह्यले?"

बरोबर बोलली. पेटी मिटून ऐकलं, तेव्हा डोक्यात शिरलं. पियानोला भाता नसतो. सूर एकदा वाजला की आपला आपण विरत जातो, आणि हा गडी तो पुरता विरेपर्यंत दुसऱ्याला हात लावत नाही. त्याच जर्मन संगीतकाराच्या काही सोनाटा यानेच तरुणपणी स्टुडिओत वाजवल्या होत्या. जग त्यांनाच डोक्यावर घेतं. सफाईदार आहेत, नाही म्हणत नाही. पण म्हातारपणी लहानशा हॉलमध्ये वाजवलेल्या या, ज्यात लोक खोकतात आणि चार सूर सरळसरळ चुकतात, त्यांना कुत्रं विचारत नाही. रेकॉर्डिंगखाली कोण्या दीडशहाण्याने लिहिलंय, याचा हात गेला होता. अरे, हात गेला असेल, कान तर शाबूत होता!

हे माझ्या जिव्हारी लागायला कारण आहे. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवा कान गेल्यात जमा, डावाही चाललाय. बारीक, वरचे सूर आधी जातील. मशीन लावून बोलणं कळेल, गाण्याचं सांगता येत नाही. परतताना बसमध्ये मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण घरी पोचेपर्यंत ठरवून टाकलं: कान आहे तोवर या म्हाताऱ्याने वाजवलेली एकूण एक सोनाटा ऐकायची. रोज सकाळी एक. लग्नकार्य असो की पेरणी, चुकवली नाही.

शेवटची या रविवारी लावली. बायको जवळ तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. अखेरीला सूर वर वर चढत बारीक झाले आणि थांबले. संपलं, म्हणून मी मोबाइलकडे हात नेला.

तिने माझं मनगट धरलं. "थांबा. वाजून राह्यलं अजून."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे पाहत बसलो. बऱ्याच वेळाने तिने हात सोडला.

"आता संपलं," ती म्हणाली.

मी डोळे पुसले. "उद्यापासून परत पहिलीपासून लावतो," म्हटलं. "तू जवळ बसजो."