पाद्र्याच्या वहीपुरतं नाव

नावामुळे माणूस वंशात अमर होतो, असं म्हणतात. प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की मला तोयोसुच्या ऑफिसातली एक दुपार आठवते. मुलाला तेरा दिवस झाले होते, जपानी नियमाप्रमाणे चौदाव्या दिवसापर्यंत पालिकेत नाव नोंदवायचं होतं आणि मला खुर्चीत बसवत नव्हतं. मुंबईहून आईचा सकाळपासून तिसरा फोन झाला होता, "ह्यांचंच नाव ठेव. वर्ष नाही झालं अजून त्यांना जाऊन." इचिकावाच्या घरून बायको म्हणत होती, "सासऱ्यांचं नाव घेऊन पोराला दटावू कशी रे मी?" मी येरझाऱ्या घालत प्रिंटरपाशी पोचलो, तर तिथे माँट्रियलचा सहकारी चर्चच्या जुन्या नोंदी छापत उभा. फ्रान्सहून कॅनडात जाऊन वसलेल्या पूर्वजांपर्यंत त्याला पोचायचं होतं. "प्रत्येक मुलगा जोसेफ, प्रत्येक मुलगी मारी," तो वैतागून म्हणाला, "यातला माझा कोण?" मी विचारलं, "मग आया हाका कशा मारायच्या?" "घरात वेगळं नाव. जोसेफ पाद्र्याच्या वहीपुरता." मी तिथूनच बायकोला फोन लावला आणि घरातलं नाव तू ठेव, म्हणालो. दुसऱ्या दिवशी फॉर्मवर वडिलांचं नाव लिहिलं. आई फोनवर रडली, वंशाचं सोनं झालं म्हणाली. मुलगा आता कॉलेजात जातो. आईने त्याला त्या नावाने एकदाही हाक मारलेली नाही. नवऱ्याचं नाव ती घेत नाही.