घरच्या नेटनं झाकलेला भाव

पौर्णिमाला राग आला की ती हसते आणि धक्का बसला की जिथे असेल तिथे खाली बसते. त्या शनिवारी ती मोर्शीच्या घरी आली आणि चपला काढता काढता ओट्यावर मटकन बसली.

"संत्र्याची बाग देल्ली," सासरे किसनराव म्हणाले होते. "काल इसार घेतला."

"कोणत्या भावानं, मामाजी?"

भाव ऐकून बाईच्या तोंडचं पाणी पळालं. अहो, बाजारात त्याच संत्र्याला जवळपास दीडपट भाव चालू होता! आणि हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारी ही बाई रोज सकाळी चार बाजारांत फोन फिरवते, भाव विचारते आणि स्वतःच्या वेबसाइटवर टाकते. त्यातून छदाम मिळत नाही. पण आपल्याकडे झाडावरचा माल न मोजता, बाग उक्ती देतात ना! व्यापारी येतो, झाडांकडे मान वर करून पाहतो आणि सगळ्या बागेचा एकच आकडा फेकतो. त्या घडीला बागवाल्याच्या डोक्यात खरा भाव पाहिजे. एकदा इसाराचे आगाऊ पैसे हातात घेतले की शब्द दिला. मग आभाळ कोसळलं तरी आमचा माणूस मागे फिरत नाही. याला मोठेपणा म्हणा की मूर्खपणा, तुमची मर्जी.

"माझ्या साइटवर नाही पाह्यलं काहून?"

"नेटवरच त पाह्यलं! हे पाय."

किसनरावांनी मोबाइल पुढे केला. त्यावर बाग घेणाऱ्या व्यापारी कंपनीचंच ॲप होतं आणि त्यात कंपनीला परवडेल तो भाव. आता बोला! पौर्णिमानं आपली साइट लावली. चाक गोल गोल फिरत राहिलं. घरचं नेट बंद करून तिनं स्वतःचा डेटा लावला, तर साइट झटक्यात उघडली. पुन्हा घरचं लावलं. पुन्हा चाक.

"अवं माय!" ती एवढंच म्हणाली.

हे फुकटचं नेट घरात आणलं कोणी? तिनंच! उन्हाळ्यात मागे लागून तिनं गल्लीभर नेटचे डबे बसवून घेतले होते. अमरावतीत साइट रोज उघडे, त्यामुळे इथे अडते अशी शंकासुद्धा कधी आली नाही. तिनं नेटवाल्या नितेशला फोन लावला.

"बंद काहीच नाही, ताई," तो म्हणाला. "त्या कंपनीनं पैसे भरले, म्हणून त्यायचं ॲप पयले जाते. बाकीचं मांगून येते. फुकटात अजून काय पायजे?"

"म्हणजे रस्ता सगळ्यांचा, पण व्यापाऱ्याचा ट्रक सोडायचा अन् आमच्या बैलबंड्या नाक्यावर अडवायच्या? कोणी काय पाहावं हे तू ठरवणार? आपल्या देशात याला मनाई आहे, नितेश."

"नियम मुंबईत, ताई. इथं कोण पाह्यते?"

पौर्णिमा हसली. तिचं ते हसणं ऐकून नितेशनं फोनच ठेवून दिला.

"मी तक्रार करते, मामाजी. तुमी इसार परत करा. तुमाले फसवलं."

"शब्द देल्ला म्या." किसनरावांनी मान हलवली. मग तिच्याकडे न पाहता ते म्हणाले, "तुयं ते भावाचं पान रोज सकाळी लावत होतो मी. फिरे, फिरे अन् राहून जाये. मले वाटलं, पोरीनं बंद केलं. तिले आता आपल्यासाठी टाइम नाही. म्हणून तुले ईचारलं बी नाही."

बाग गेली त्याहून हे पौर्णिमाला जास्त लागलं. तीन महिने हा म्हातारा रोज तिचं दार वाजवत होता आणि तिला पत्ता नव्हता!

किसनराव उठले. भिंतीवरच्या डब्याची वायर त्यांनी हिसडून काढली.

"शब्द व्यापाऱ्याले देल्ला होता. या डब्याले नाही," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले. "तुया मोबाइल घे अन् चाल. गल्लीतल्या खुशालरावच्या बागेचा इसार उद्या हाये."