बिनछज्ज्याच्या खिडक्या

आमच्या वहिनीने बावीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात दुसऱ्यांचे जिने आणि संडास काढले. नकाशा तिचा, सही साहेबांची. चाळिशी उलटल्यावर बाईंनी डोक्यात घेतलं, की कमी विजेत थंड राहणाऱ्या इमारतींचं शिकायचं. दादा म्हणाला, "आता या वयात?" ती म्हणाली, "मग काय, पुढच्या वयात?" ऑफिस सुटल्यावर दोन वर्षं क्लास करून ती परीक्षा पास झाली. मला हसू यायचं, खोटं कशाला बोलू!

पण साहेबांनी तिला खरंच काम दिलं. तीस खाटांचा बाळंतिणींचा वॉर्ड, तोही एसीशिवाय. नकाशावर पहिल्यांदाच तिची सही. त्या बांधकामावर मुकादम मीच होतो. भिंती उभ्या राहिल्या, स्लॅबच्या सळया बांधून झाल्या. स्लॅब भरायच्या दिवशी ती दुपारी चारला आली. काँक्रीटच्या गाड्या साडेचारला यायच्या होत्या.

वॉर्डात शिरली आणि जागीच थबकली. मोठ्या खिडक्यांतून ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत पोचलं होतं. या खिडक्या तिने उत्तरेच्या धरल्या होत्या. तिकडून ऊन येणार नाही, म्हणून वर छज्जाही ठेवला नव्हता.

पिशवीतला नकाशा काढून तिने जमिनीवर पसरला. इमारत लांबट. कागदावर मावेना म्हणून ऑफिसात नकाशा फिरवून काढलेला, त्यामुळे कोपऱ्यातला उत्तरेचा बाण उजवीकडे वळलेला, म्हणजे वरची बाजू पश्चिम. उन्हाचा हिशोब करताना मात्र हिने सवयीने कागदाची वरची बाजू उत्तर धरली होती.

"भाऊजी, गाड्या थांबवा."

"निघाल्यात त्या, वहिनी. पडदे लावतील की नंतर. कुणाला कळणार आहे?"

"स्लॅबबरोबर छज्जा निघाला नाही, तर मागून तो धड होत नाही. ऐन उन्हाळ्यात इथे ओली बाळंतीण निजणार आहे. तिला कळेल."

"नोकरी जाईल तुमची!"

रस्त्यावर पहिल्या गाडीचा हॉर्न वाजला. माझ्या तोंडातून निघून गेलं, "आठ दिवस आम्ही इथेच चहाला बसतो. ऊन अंगावर आलं, की कोपऱ्यात सरकतो."

तिने मान वर केली. "आठ दिवस? मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्ही शिकलेल्या. तुमचं काहीतरी गणित असेल."

हे अर्धंच खरं. वहिनीची फजिती बघायला मिळेल, असंही मनात कुठेतरी होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

तिने साहेबांना फोन लावला. "स्लॅब थांबवतेय, साहेब. माझी दिशा चुकली. खिडक्या पश्चिमेला आल्यात."

पलीकडचं ओरडणं मलाही ऐकू येत होतं. शेवटी साहेबांनी विचारलं, "आणि तुझा तो दीर? रोज तिथे असतो ना? त्याला ऊन दिसलं नाही?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली.

"त्यांचा यात काही संबंध नाही. चूक माझी एकटीची."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

तिने फोन पिशवीत टाकला. डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "गाड्या परत पाठवा. सुताराला बोलवा, छज्ज्याचा साचा ठोकायला मापं देऊनच जाते."

मी टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिलो. साहेबांना फोन करून खरं सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. मी केला नाही. अजूनही केलेला नाही.