जावयाच्या फळीला लकाकी

आमच्या फुलसावंगी गावापासून समुद्र किती लांब आहे, हे मला माहीत नाही. मात्र समुद्रावर चालवायची फळी आमच्या अंगणात आली, आणि तिला लकाकी आणायचं काम मी कुणी न सांगता अंगावर घेतलं.

आमचे जावई रोहनराव गोव्यात सर्फिंग शिकवतात. (हा पोटापाण्याचा धंदा असू शकतो, हे मान्य करायला मला साखरपुड्यापासून लग्नापर्यंतचा वेळ लागला!) पहिल्या दिवाळसणाला ते गाडीच्या टपावर सर्फबोर्ड बांधूनच आले. संध्याकाळी तलावावर गावाला चालवून दाखवायचा होता. जेवून जावई आणि आमची पल्लवी झोपले, तशी सौ.नी फळीवरून बोट फिरवलं.

"अवो, केवढा मळ हा! चिकट लागून राह्यला. गाव पाह्यल तर काय म्हनल?"

"सरक तिकडं. आरशासारखी करून देतो!"

आधी फळी उन्हात ठेवली. मळ वितळला. तेवढ्यात शेजारच्या खळ्यात सोयाबीनचं मळणीयंत्र सुरू झालं, आणि सगळं कुटार-भुसकट उडत येऊन फळीवर बसलं. पाहता पाहता फळीला अस्वलासारखे केस आले!

"आता वो?" सौ. म्हणाल्या.

"कायले घाबरतं? निंघते!"

मग उलथनं झालं, डिझेल झालं, राख झाली. शेवटी ट्रॅक्टरचं पॉलिश फासलं. फळी अशी चमकली, की सौ.नी तिच्यात पाहून टिकली सरळ केली.

जावई उठले. फळी पाहून त्यांनी डोळे चोळले. मला वाटलं, गहिवरले.

"बाबा, वरचं मेण कुठे गेलं?"

"मेन? तो मळ होता, जावईबापू!"

"पाय घसरू नये म्हणून मीच लावलं होतं."

पल्लवीनं कपाळावर हात मारला. सौ.नी लगेच पक्ष बदलला. "मी ह्यायले म्हनतच होती, हात नोका लावू म्हनून!"

तलावावर अर्धं गाव जमलं होतं. चमकती फळी पाहून लोकांनी शिट्ट्या मारल्या. जावई हळूच म्हणाले, "आज नको, घसरेल."

झालं! गावासमोर माझ्या कामाला नावं?

"काही घसरत नाही! मी चढून दाखवतो!"

पँट वर दुमडली, फळी पाण्यात सोडली आणि काठाशीच तिच्यावर एक पाय ठेवला. दुसरा ठेवायची वेळच आली नाही. फळी सुसाट पैलतीराकडे गेली, मी पाठीवर पाण्यात.

"वाचवा! मले पोहता येत नाही! पल्लवे, आईले सांभाळजो!"

काठावरून जावयांचा शांत आवाज आला, "बाबा, उभे राहा."

राहिलो. पाणी गुडघ्याइतकं होतं. त्या जागी आमच्या गावची म्हैसही कधी पुरती भिजली नाही. मी मात्र बुडून दाखवलं!