लाल झाकणाची बाटली

आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं तापलेल्या बाळासाठी लाल झाकणाची बाटली उघडली. चमचा बाळाच्या ओठांना लागणार, तेवढ्यात तिची नऊ-दहा वर्षांची मुलगी ओरडली, "आई, थांब! यावर 'फक्त जनावरांसाठी' लिहिलंय."

"आली मोठी मास्तरीण! तापाच्या औषधाचं झाकण लालच असतं."

मुलीनं बाटली धरून अक्षरांखालून बोट फिरवलं. मी वाकून पाहिलं. शेळ्यांच्या जंतांचं औषध होतं ते.

"मी दुसरीत असताना गोळीबार सुरू झाला," बाई चमचा पुसत म्हणाली. "तेव्हा बंद झालेली शाळा हिच्या वेळेला उघडली."

बंदुका थांबून इतकी वर्षं झाली, आणि इथल्या आया अजून झाकणाच्या रंगावर विसंबून आहेत. बाटली तर मलाही दिसत होती. ती वाचावी, असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

रांगेतल्या एका म्हातारीनं औषधांची पिशवी सोडली. "माझंही बघ गं, पोरी." पाठोपाठ दुसरीनं, तिसरीनं. मुलगी मांडी घालून वाचू लागली. पहिल्या चारांतल्या दोन बाटल्या तिनं "या घेऊ नका" म्हणत बाजूला ठेवल्या.